कुऱ्हाड न लागता मेलेली तिवरं

ऐरोलीच्या खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाळताहेत म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले, भरपूर फोटो काढले आणि तक्रार दिली. दीड महिन्याने उत्तर आलं: ठिकाणाचा बोध होत नाही. माझ्या तक्रारीत सर्व्हे नंबर नव्हता, तारीख नव्हती. तोवर आणखी झाडं गेली, याचं आजही वाईट वाटतं.

डोळे उघडले ते एका कोळी काकांनी. "झारांकरं काय बगतेस, पानी बग."

भरती ज्या ओहळातून आत यायची, त्याच्या तोंडावर डेब्रिजचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा, बांध होता. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात. त्यांना भरती हवी, तशी ओहोटीही हवी. पाणी तोडलं की जमीन सुकून मीठ साचतं, कोंडलं की मुळं गुदमरतात. मग भराव, मग पत्र्याचं कुंपण, आणि शेवटी दावा, 'इथे खारफुटी नव्हतीच'.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांनी आधी भरतीचं वेळापत्रक हाताशी ठेवावं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाच्या दोन्ही बाजू एकाच फोटोत घ्या, आणि त्याच जागेवरून ओहोटीचाही. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत जागेची नोंद उरत नाही. गूगल अर्थवरची जुनी चित्रं लावून पाहिली की बांध साधारण कधी आला ते कळतं. गावनकाशावरून सर्व्हे नंबर काढा, सातबारा जोडा. रात्री डंपर अडवायला एकट्याने जाऊ नका, कधीच.

तक्रारीत 17 सप्टेंबर 2018 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लिहा: खारफुटीभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकाम किंवा भराव चालत नाही. प्रत तहसीलदारांना आणि वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाला द्या. राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचं तर साधारणपणे 6 महिन्यांची मुदत असते, नुसत्या स्मरणपत्रांत ती घालवू नका.

आणि स्थळपाहणीची वेळ भरतीची मागा. आमची पहिली पाहणी ओहोटीला झाली. सगळीकडेच चिखल, बांधाने काय केलंय ते कुणाला दिसेना. दुसऱ्या खेपेला उधाण होतं. बाहेर गुडघाभर पाणी, आत भेगाळलेली माती. पंचनाम्यात तेवढं एक वाक्य आलं आणि पुढच्या महिन्यात बांध फोडला.