अनुदानाची जाहिरात निघण्याआधी: वस्तीतल्या संस्थांसाठी तयारीची यादी

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमची अभ्यासिका चालते. एक खोली, संध्याकाळी तीस मुलं, शिकवायला दोन ताई. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीची मदत अगदी हातातोंडाशी आली होती. त्यांची माणसं येऊन मुलांशी बोलली, वह्या पाहिल्या, खूश झाली. मग कागद मागितले, तेव्हा परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या सरकारी नोंदीवर, आमच्या जुन्या खजिनदार काकांचं नाव निघालं. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. नव्या खजिनदारांची निवड सभेत झाली होती, ठरावही लिहिला होता, पण संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, कुणीच टाकला नव्हता. तो मंजूर होईपर्यंत मार्च उलटला आणि त्या वर्षाचा निधी दुसरीकडे गेला. जूनमध्ये एका ताईंचं मानधन देता आलं नाही, आठवीच्या मुलींचा गट बंद ठेवावा लागला. ती रुखरुख मला अजून आहे, म्हणून यादीची सुरुवात पैसे कुठे मिळतात इथून न करता कपाटातल्या फायलीपासून करते.

आज संध्याकाळी ती फाईल काढा. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी मिळून संस्था काढली असेल, तर महाराष्ट्रात तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि तिला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. दोन्ही प्रमाणपत्रं हवीत. त्यांच्यासोबत घटना आणि नियमावली, संस्थेच्या नावाचं पॅन, बँकेचं खातं आणि रद्द केलेला चेक. मग परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढून त्यावरची नावं आजच्या कार्यकारिणीशी एकेक करून ताडून पाहा. कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, कार्यालयाचा पत्ता बदलला, तरी बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं असतं. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून आत्ताच टाका. मंजुरीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, अर्जाचा दिवस मात्र असतो. बँकेतल्या सह्याही त्याच आठवड्यात बदलून घ्या.

हिशेब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात गेलं पाहिजे. मोठी मदत देणारा सहसा मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. पावतीपुस्तक, व्हाउचर, रोकडवही हे सगळं एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, तिला मुदत असते. मुदतीची तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहा आणि ती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा फॉर्म कोणता हे सीएंना विचारूनच भरा. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी मोफत आहे, तीही करून टाका.

आता पैसे कुठे शोधायचे. आधी आपण कुणाच्या हद्दीत राहतो ते पक्कं करा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि ग्रामपंचायत यांचे अर्ज, खिडक्या आणि तारखा वेगळ्या. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली, तिथली काही मंडळं अजून जुन्या पंचायतीच्या कागदांवर अर्ज करताना मी पाहिली आहेत. महापालिकेच्या हद्दीत असाल तर समाज विकास विभागात स्वतः जाऊन चालू योजना विचारा. नागरिकांनी कामं सुचवायचा सहभागी अंदाजपत्रकाचा मार्ग पुण्यात २००६पासून आहे, त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. यातून संस्थेला रोख मिळत नाही. पण अभ्यासिकेसमोरचा अंधार जाऊन दिवा लागला, तर मुली आठनंतरही थांबू शकतात. आमच्याकडे हेच झालं, आणि मी त्याला अनुदानच मानते.

कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे कायद्याने ठरलेल्या सामाजिक खर्चाचा, नियम समजून घ्या. वर्षाला किमान ५ कोटींचा निव्वळ नफा, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची नक्त (देणी वजा जाता उरणारी) मालमत्ता, यातलं एक जरी लागू असेल तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. भोसरी, चाकण, रांजणगाव, हिंजवडी हे सगळं आपल्या उंबऱ्याशी आहे. मात्र संस्थेच्या हाती हे पैसे यायला १२ए आणि ८०जी, कामाची तीन वर्षं आणि सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. एका दिवसाचा कार्यक्रम, बक्षीस समारंभ यात बसत नाही. वर्षभर चालणारं काम मांडा.

नोंदणीच नसेल तर नाउमेद होऊ नका. रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष कामं ठरवत असतात तेव्हा, म्हणजे मे-जूनमध्येच त्यांना भेटा आणि रोख न मागता वस्तू मागा: बाकं, पुस्तकं, पाण्याचा फिल्टर. आमची पहिली आठ बाकं अशीच आली. जवळच्या नोंदणीकृत संस्थेचा उपक्रम म्हणूनही काम चालवता येतं, फक्त पैसा कुणाच्या खात्यात आणि सही कुणाची हे आधी लिहून घ्या. ‘मंजूर करून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

अर्जाचं एक पान आधीच लिहून ठेवा. त्यात कोणासाठी, कुठे, किती दिवस आणि काय बदललं एवढंच असावं. ‘सर्वांगीण विकास’ लिहू नका. ‘तीस मुलांपैकी बाविसांना घरी अभ्यासाला जागा नाही’ असं मोजून लिहा. अंदाजपत्रकही तसंच. समजा दोन ताईंना दरमहा प्रत्येकी ४,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ८०,०००, भाडं वर्षाचं ६०,०००, तीस मुलांच्या साहित्याचे १५,०००, एकूण १,५५,०००. यातले २५,००० वर्गणीतून उभे राहत असतील तर ते दाखवा आणि १,३०,००० मागा. स्वतःचा वाटा दिसला की समोरच्याचा विश्वास बसतो. भाडं आणि मानधन मागायला संकोचू नका, काम त्यांच्यावरच उभं असतं.

वस्तीतल्या लोकांच्या सह्यांचं पत्र जोडा. १८७० साली लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी पुणे सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायला किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आपल्यालाही पन्नास आया सह्या देतात का, हे एकदा गल्लीत फिरून पाहा. त्या फेरीत आम्हाला शिकवायला तिसऱ्या ताई मिळाल्या.

मुलांचे फोटो जोडण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. अर्ज करायचा, असा कार्यकारिणीचा ठराव लिहा, त्यावर सह्या आणि शिक्का घ्या. सगळ्याचे दोन संच झेरॉक्स करा, स्कॅन करून दोघांच्या फोनवर ठेवा. शेवटच्या दिवसाच्या निदान तीन दिवस आधी जा, आणि दुसऱ्या संचावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका.