परदेशात जेवायला बसण्याआधी: रिफिल, पाणी आणि टिपची तयारी

तिकिटं, व्हिसा, विमा सगळं फाइलला लागलं की एक संध्याकाळ बरोबर येणाऱ्या सगळ्यांना घेऊन बसा आणि बाहेरच्या जेवणाच्या बिलाबद्दल बोलून घ्या. हे बोलणं तिथे, वेटर बिल घेऊन शेजारी उभा असताना, धड होत नाही. रिफिल, म्हणजे संपलेला पेला पुन्हा भरून देणं, फुकट समजून घेतलेल्या पेल्याचे पैसे बिलात दिसतात, कोणीतरी चिडतं, आणि "मग टिप कशाला द्यायची?" असा प्रश्न निघतो. म्हणून तयारीतलं पहिलं काम म्हणजे रिफिल आणि टिप ही दोन खाती मनात वेगळी करणं. दुसऱ्या पेल्याचे पैसे लावायचे की नाही हे मालक ठरवतो. टिप मात्र ज्याने दोन तास तुमची उठबस केली त्याच्यासाठी असते. मालकाच्या दराचा राग वाढणाऱ्याच्या ताटात टाकू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढचं सगळं ते धरूनच लिहिलंय.

मग ज्या ज्या देशांत जाणार आहात त्यांच्यासाठी फोनमध्ये एकेक छोटी नोंद करा. रिफिल मिळतं का, नळाचं पाणी मागता येतं का, सेवाशुल्क बिलात धरलेलं असतं का, आणि टिपची रीत काय, एवढंच पुरे. शेजारशेजारच्या दोन देशांतसुद्धा यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे "युरोप" अशी एकच नोंद करून भागत नाही.

अमेरिकेला जाणार असाल तर रिफिलचा भाग नीट समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. साधा सोडा (म्हणजे कोलासारखी थंड पेयं), साधा आइस टी आणि साधी गाळलेली कॉफी बहुतेक ठिकाणी एकदा पैसे भरले की परत परत भरून मिळते. पण हा नियम पेयाचा आहे, पेल्याचा नाही. संत्र्याचा रस, दूध, बाटलीतलं किंवा कॅनमधलं पेय, कॅपुचिनो-लाटेसारखी मशीनची कॉफी, मॉकटेल, या सगळ्याला दर पेल्याला पैसे पडतात. सर्वांत फसवं प्रकरण लेमोनेडचं. मशीनमधून येणारं लेमोनेड सोड्याच्या हिशोबात बसतं. तेच स्ट्रॉबेरी किंवा आंबा घालून, ताजं करून आणलं तर बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पेला नवा धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. वेटर जग घेऊन टेबलाजवळ आला तर समजा की ते भरून देणं फुकट आहे. रिकामा पेला उचलून "आणखी एक आणू का?" असं विचारलं, तर तिथेच थांबवून "याचे वेगळे पैसे पडतील का?" असं विचारा. यात कमीपणा अजिबात नाही. वेटरला हा प्रश्न रोज ऐकू येतो आणि तो सरळ उत्तर देतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण रंगीत लेमोनेडचे तीन पेले रिचवायला त्यांना पंधरा मिनिटं पुरतात.

जिथे ग्राहक स्वतः मशीनवर जाऊन पेला भरतो, तिथे रिफिल फुकट असलं तरी ते त्याच वेळच्या जेवणापुरतं असतं. एक पेला घेऊन चौघांनी भरत राहणं किंवा पाण्याच्या पेल्यात सोडा भरणं याला तिथेही चोरीच म्हणतात. शिवाय ही मशीनं कायमची राहतील असं समजू नका. मॅकडोनाल्ड्सने २०३२ पर्यंत अमेरिकेतल्या आपल्या दुकानांतून ग्राहकांनी वापरायची पेयांची मशीनं काढून टाकण्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

अमेरिकेतली ही सवय अंगात घेऊन थेट पॅरिसला उतरलात तर पंचाईत होईल. फ्रान्सने २०१७ पासून साखर किंवा कृत्रिम गोडी घातलेली पेयं अमर्याद भरून देण्यावर बंदी घातली आहे, मग ती फुकट असोत की एकरकमी दराने. इंग्लंडमध्येही १ ऑक्टोबर २०२५ पासून मोठ्या आणि मध्यम व्यवसायांना साखरेच्या पेयांचं फुकट रिफिल देता येत नाही, बिनसाखरेच्या पेयांना ती आडकाठी नाही. दोन्हीकडे कारण एकच, लठ्ठपणा. तेव्हा तिथे वेटरने नाही म्हटलं तर तो कंजूषपणा करतोय असं मनात आणू नका. जपानमध्ये याउलट घरगुती थाटाच्या रेस्टॉरंटांत 'ड्रिंक बार' नावाने ठरावीक पैशांत हवं तितकं पिता येतं. दारूच्या ठिकाणी 'नोमिहोदाई', म्हणजे ठरावीक पैशांत हवं तितकं पिण्याची सोय असते, पण तिला बहुधा दीड-दोन तासांची मुदत असते, शेवटची ऑर्डर मुदतीच्या थोडी आधी घेतात, आणि हातातला पेला संपवल्याशिवाय दुसरा देत नाहीत. वेळ कधी सुरू झाली हे बसतानाच विचारा.

पाण्याची नोंद वेगळी करा, कारण रोजचा खर्च इथेच गळतो. फ्रान्समध्ये नुसतं "पाणी" म्हटलंत तर विकतची बाटली टेबलावर येऊ शकते. जेवायला बसल्यावर 'कराफ दो' मागितलं की नळाच्या पाण्याचा भरलेला जग येतो, आणि त्याचे पैसे नसतात. २०२२ पासून तर हे पाणी फुकट मिळतं हे मेन्यूवर किंवा फलकावर लिहिणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे. स्पेनमध्येही २०२२ च्या कचराविषयक कायद्याने हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायला हवं. इंग्लंड-वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितल्यास पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं. जर्मनीत मात्र मिनरल वॉटरची बाटली मागवण्याचीच रीत आहे आणि तिचे पैसे पडतात. नळाचं पाणी मागितलं तर वेटरचा चेहरा बदलू शकतो, ते मनावर घेऊ नका. बाटली येणार असेल तर बुडबुड्यांचं की साधं हेही आधी सांगा, कारण झाकण उघडल्यावर ती परत जात नाही.

न मागता टेबलावर येणाऱ्या गोष्टींची चौकशीही यादीत हवी. पोर्तुगालमध्ये बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. हात लावलात तर पैसे, नको असेल तर लगेच "नको, घेऊन जा" म्हणावं. इटलीत 'कोपेर्तो' नावाची माणशी रक्कम बिलात असते. ती मेन्यूवर छापलेली असायला हवी, तेव्हा मेन्यूचं शेवटचं पान आणि तळाची बारीक ओळ आधी वाचा. ती टिप नव्हे. तिथल्याच कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभ्याने घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली कॉफी यांचे दर वेगळे असतात. जपानच्या इझाकायांमध्ये, म्हणजे दारूबरोबर खाणं मिळणाऱ्या ठिकाणी, 'ओतोशी' म्हणून एक छोटी वाटी येते, तिचे माणशी पैसे लागतात. सिंगापूरमध्ये मेन्यूवरच्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर चढणार आहे असं समजा.

आता टिप. अमेरिकेत ती का द्यायची हे कळलं की किती द्यायची यावर वाद राहत नाही. तिथे केंद्रीय कायद्याने टिपवर काम करणाऱ्या माणसाला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून ७.२५ डॉलरचं किमान वेतन भरलं नाही तर उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडासारख्या काही राज्यांत ही सवलत मालकाला नाही, पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. तरी बाकी बऱ्याच ठिकाणी वाढणाऱ्याचं घर टिपवर चालतं. म्हणून टेबलावर वाढून मिळालेल्या जेवणावर १५ ते २० टक्के हा जेवणाच्या खर्चाचाच भाग धरा आणि बजेटमध्ये आधीच लिहा. तेवढं परवडत नसेल तर त्या दिवशी काउंटरवरून घेऊन खा. टेबलावर बसून टिपमध्ये हात आखडता घेणं मला पटत नाही.

पण द्यायची ती डोळे उघडे ठेवून. समजा, जेवण ८० डॉलरचं झालं आणि त्यावर ८ टक्के कर म्हणून ६.४० डॉलर लागले. टिप ८० वर काढायची, म्हणजे २० टक्क्यांनी १६ डॉलर. कार्डाच्या मशीनवर जे तयार आकडे येतात ते कधी कधी कर धरून काढलेले असतात, तेव्हा तोच २० टक्क्यांचा आकडा १७.२८ दिसतो. हा फरक किरकोळ आहे, सोडून दिला तरी चालेल. खरा फटका दुसरीकडे बसतो. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच हॉटेलं १८ टक्के किंवा तसंच काही आपोआप लावतात. म्हणजे ८० वर १४.४० आधीच गेले. ती ओळ न वाचता मशीनवर पुन्हा २० टक्क्यांचं बटण दाबलं, तर टिप दोनदा जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून बिल हातात आलं की आधी तळापासून वर वाचा. 'ग्रॅच्युइटी' (इथे अर्थ टिप) किंवा 'सर्व्हिस चार्ज' असं काही छापलेलं आहे का ते पाहा, मगच पेन उचला.

ब्रिटनमध्ये, विशेषतः लंडनमध्ये, १२.५ टक्क्यांच्या आसपास ऐच्छिक सेवाशुल्क बिलातच येतं. ते दिलंत की वेगळी टिप नको. सेवा खरोखर वाईट असेल तर ते काढून टाका असं सांगता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे हे पैसे मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाहीत, कामगारांपर्यंत न्याय्यपणे पोचवावे लागतात, हे कळल्यावर मला तरी ते देताना बरं वाटतं. फ्रान्समध्ये छापील किमतीतच सेवा धरलेली असते, आवडलं तर चार सुटी नाणी ठेवावीत. जर्मनीत ५ ते १० टक्के वाढवून रक्कम गोल करतात आणि ती टेबलावर ठेवत नाहीत, पैसे देताना तोंडाने सांगतात. बिल २७ युरोचं असेल तर नोट पुढे करताना "तीस" म्हणायचं. नोट देताना नुसतं "डांके" म्हटलंत तर उरलेले ठेवून घ्या असा अर्थ होऊ शकतो, तेव्हा सुटे परत हवे असतील तर ते हातात पडल्यावरच आभार माना. जपान आणि दक्षिण कोरियात टिप देऊच नका. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवून निघालात तर तुम्ही विसरलात असं समजून कोणीतरी ते घेऊन मागे येईल.

क्रूझवर माणशी रोजची टिप बहुधा खात्यातून वळती होते आणि पेयांच्या पॅकेजवर वेगळं शुल्क लागतं, हे बुकिंग करतानाच वाचून घ्या. हॉटेलच्या खोलीत मागवलेल्या जेवणावरही सेवाशुल्क आधीच असण्याची शक्यता मोठी असते.

पैशांची तयारी थोडक्यात. जिथे जाल तिथल्या छोट्या नोटा पहिल्याच दिवशी मोडून ठेवा. दुसऱ्या देशाची नाणी टिप म्हणून देऊ नका, ती घेणाऱ्याला बदलून मिळत नाहीत. कार्डाच्या मशीनने तुमच्या चलनात पैसे भरायचे का असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा, नाहीतर मशीनवाल्याचा महागडा विनिमय दर पदरात पडतो.

आणि फुकट समजून घेतलेला पेला बिलात दिसलाच, तर बोट ठेवून शांतपणे विचारा, "हे रिफिल होतं ना? वेगळे पैसे आहेत का?" चूक असेल तर वेटर लगेच दुरुस्त करून आणतो. चूक नसेल तर ते पैसे भरा आणि टिप ठरलेली तेवढीच द्या.

अमेरिकेत सही करून परत करायच्या स्लिपवर टिप आणि एकूण रक्कम तुम्ही हाताने लिहिता. एकूण रकमेची ओळ मोकळी सोडू नका आणि आकडे सुवाच्य काढा. मोबाइलवर लगेच येणारा मेसेज बहुधा टिपशिवायच्या रकमेचा असतो, टिप धरलेली रक्कम काही दिवसांनी चढते. म्हणून सही केलेल्या स्लिपचा फोटो काढून ठेवा आणि स्टेटमेंट आल्यावर प्रत्येक जेवणाचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.