कॅलिब्रेशनच्या सोर्समध्येच फिरणारं आणि थरथरणारं न्यूक्लियस कसं बघायचं

एमएससीच्या लॅबमध्ये युरोपियम-१५२ चा सोर्स (गॅमा किरणं सोडणारा छोटा किरणोत्सारी नमुना) सगळेच वापरतात, पण कशाला तर कॅलिब्रेशनला, म्हणजे डिटेक्टरचं माप जुळवायला. स्पेक्ट्रममधले उंचवटे म्हणजे पीक शोधले, मशीनच्या चॅनल नंबरसमोर एनर्जी लिहिली, सरळ रेष मारली, जर्नलवर सही, संपलं. मी पण तेच केलं होतं आणि दोन वर्षांनी कळलं की त्या बटणाएवढ्या सोर्समधून एक न्यूक्लियस गरगर फिरून दाखवतंय, दुसरं थरथरून दाखवतंय, आणि आपण दोघांची नुसती फूटपट्टी केली. म्हणून हे लिहितोय, खास करून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांसाठी, कारण आपल्या हवेत काही भानगडी वेगळ्या होतात.

युरोपियम-१५२ दोन वाटांनी जातं. साधारण ७२ टक्के वेळा सॅमेरियम-१५२ होतं, उरलेल्या २८ टक्के वेळा गॅडोलिनियम-१५२. वजन दोघांचं सारखंच, फक्त सॅमेरियममध्ये न्यूट्रॉन ९० आणि गॅडोलिनियममध्ये ८८. प्रोटॉन त्याच्या उलट, ६२ आणि ६४. बस एवढाच फरक, आणि त्यावर सगळा खेळ.

गोटी जागच्या जागी फिरवा, फिरतेय की थांबलीय कळत नाही. सोललेला नारळ फिरवा, लगेच कळतं. न्यूक्लियसचं तर त्याच्या पुढे, पूर्ण गोल असेल तर त्याला अख्खं मिळून फिरणं हा प्रकारच नसतो, ते फक्त पृष्ठभाग थरथरवू शकतं. लांबट असेल तर फिरतं आणि त्याच्या एनर्जीच्या पायऱ्या, म्हणजे लेव्हल, J(J+1) च्या हिशोबात वर चढतात (J म्हणजे स्पिनचा आकडा), म्हणजे २ ला ६, ४ ला २०, भागाकार ३.३३. थरथरणाऱ्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या, दुसरी पायरी पहिलीच्या दुप्पट, भागाकार २. हे ज्यांनी उलगडलं त्या ओगे बोर, मॉटलसन आणि रेनवॉटर यांना १९७५ चं नोबेल मिळालं. आपल्याला काय करायचं, तर 4+ (J चार) लेव्हलची एनर्जी भागिले 2+ (J दोन) ची, एवढं काढायचं.

सोडियम आयोडाइडच्या साध्या डिटेक्टरवर हे नीट होत नाही, ४११ चा पीक (इथले सगळे आकडे केईव्हीत, म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) शेजारच्या ४४४ मध्ये मिसळून एकच ढिगारा दिसतो. जर्मेनियम डिटेक्टर पाहिजे, आणि त्याला लिक्विड नायट्रोजन. आमच्याकडे तो घाटावरून यायचा, पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की ड्युअर (नायट्रोजनचा थर्मास) रिकामा. एकदा मी न बघता गरम डिटेक्टरला हाय व्होल्टेज देणारच होतो तेवढ्यात लॅबमधले काका ओरडले, "आधी नायट्रोजन बघ रे, मगे आकडे बघ." डिटेक्टर पूर्ण थंड झाल्याशिवाय व्होल्टेज नाही, आणि द्यायचं ते पण हळूहळू वाढवत. जून ते सप्टेंबर एसी चालू नसेल तर हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओल धरते आणि स्पेक्ट्रममध्ये नुसता कचरा येतो, केबल आधी कोरड्या करून घ्या.

आता सगळ्यात मोठी चूक जी सगळे करतात: युरोपियमच्याच टेबलवरून कॅलिब्रेशन करायचं आणि मग युरोपियमच्याच एनर्जी मोजायच्या. अरे मग मोजलं काय? कॅलिब्रेशन बेरियम-१३३ (८१.० आणि ३५६.०), सीझियमचा ६६१.७ आणि कोबाल्ट-६० चे ११७३.२, १३३२.५ यावर करा, मग युरोपियम ठेवा. चिमट्याने, आणि रजिस्टरमध्ये नोंद करून, हे सांगायला नको.

सोर्स डिटेक्टरला चिकटवू नका, काउंट भराभर येतात म्हणून मोह होतो खरा. पण जवळ ठेवलं की १२१.८ आणि २४४.७ चे दोन गॅमा एकदमच आत शिरतात आणि ३६६.५ ला बेरजेचा खोटा पीक उभा राहतो. त्यात गॅडोलिनियमचा ३६७.८ चा खरा पीक तिथेच आहे, म्हणजे घोळात घोळ. १५-२० सेंटिमीटर लांब ठेवा आणि दोन-तीन तास काउंटिंग लावून जेवायला जा.

कुठला गॅमा कुणाचा हे पुस्तकात बघून लिहू नका, कॉइन्सिडन्स लावा, म्हणजे दोन डिटेक्टरांत एकाच वेळी आलेले गॅमाच मोजा. दुसरा डिटेक्टर साधा सोडियम आयोडाइड चालेल. त्यावर ३४४ चा गेट लावला, म्हणजे तिथे ३४४ दिसला तरच मोजायचं असं ठरवलं, की जर्मेनियममध्ये ४११ आणि ७७९ उरतात, १२२ आणि २४५ जवळजवळ गायब होतात. गेट १२२ वर नेला की २४५, ९६४, १११२, १४०८ वर येतात. गेटखालचा कॉम्प्टन (अर्धवट एनर्जी सोडून गेलेल्या दुसऱ्या गॅमांचा पसारा) वजा करायला विसरलात तर दुसऱ्या घरचे पाहुणे पण थोडे दिसतील, घाबरू नका. स्क्रीनवर अख्खी लेव्हल स्कीम दोन घरांत वाटली जाताना बघणं, हा या प्रयोगातला खरा मजेचा भाग.

मग हिशोब. सॅमेरियम: १२१.८ अधिक २४४.७ म्हणजे ३६६.५, भागिले १२१.८, उत्तर ३.०१. गॅडोलिनियम: ३४४.३ अधिक ४११.१ म्हणजे ७५५.४, भागिले ३४४.३, उत्तर २.१९. दोन न्यूट्रॉनांनी आकार बदलला तो असा. ३.३३ आणि २ नेमके आले नाहीत म्हणून आकडे ओढूनताणून बसवू नका, दोघंही बदलाच्या उंबरठ्यावरचीच न्यूक्लियस आहेत. गॅडोलिनियममध्ये दोन थरथरींच्या तीन लेव्हल खरं तर ३४४ च्या दुप्पट, म्हणजे ६८८ केईव्हीच्या आसपास एकत्र पाहिजेत, प्रत्यक्षात ६१५, ७५५ आणि ९३१ ला विखुरलेल्या आहेत. पक्कं फिरणारं बघायचं तर युरेनियम-२३८, त्याच्या लेव्हल ४४.९ आणि १४८.४, भागाकार ३.३०.

सोर्स कपाटात ठेवून झाला की मशीन लगेच बंद करू नका, रात्रभर तसंच चालू राहू दे, फक्त रेंज ३ एमईव्हीपर्यंत (३००० केईव्ही) वाढवा. सकाळी २६१४.५ ला एकटाच एक पीक दिसेल. तो भिंतीतल्या जांभ्यातल्या आणि फरशीतल्या थोरियमचा: त्या साखळीच्या शेवटी थॅलियम-२०८ चं शिसं-२०८ होतं, आणि हे गोल गरगरीत शिसं आधी पेरूसारखं एका टोकाला निमुळतं होत थरथरतं, मग तो गॅमा सोडून शांत होतं.