सोलापूरच्या घरात वादळी समुद्राचे चित्र: प्रिंट कसे निवडावे, मढवावे आणि लावावे

वादळी समुद्राचे प्रिंट निवडताना आधी त्यात माणूस शोधावा. एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक (म्हणजे भावना आणि निसर्गाची भव्यता रंगवणाऱ्या) चित्रकारांना निसर्गाचे सामर्थ्य दाखवायचे होते आणि ते त्यांनी माणसाला अगदी लहान ठेवून दाखवले. रशियन चित्रकार आयवाझोव्स्की यांच्या १८५० मधील ‘नववी लाट’ या चित्रात फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीला बिलगलेली मूठभर माणसे दिसली, की मगच लाटेची उंची कळते. उजनी धरणातून पाणी सोडल्यावर पंढरपुरात पुंडलिकाचे मंदिर पाण्याखाली जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे प्रमाण समजावून सांगावे लागत नाही.

हे प्रमाण प्रिंटमध्ये टिकवणे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच छपाईच्या दुकानात बिघडते. ‘नववी लाट’ मूळ सुमारे २२१ बाय ३३२ सेंटिमीटरचे, म्हणजे उंचीच्या दीडपट रुंद आहे. ते २० बाय ३० इंचांत जवळजवळ जसेच्या तसे बसते. इंग्रज चित्रकार टर्नर यांच्या १८४२ मधील हिमवादळात सापडलेल्या आगबोटीच्या चित्राला १८ बाय २४ इंच हे माप घ्यावे. जर्मन चित्रकार फ्रीडरिश यांचे ‘समुद्रकाठचा संन्यासी’ मात्र ११० बाय १७१.५ सेंटिमीटरचे असल्याने तयार मापात घालताना त्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात. त्या चित्रात आधी जहाजेही होती आणि ती फ्रीडरिश यांनी स्वतःच रंगाखाली झाकली, हे इन्फ्रारेड तपासणीत दिसून आले आहे. इतक्या विचाराने राखलेली मोकळी जागा आपण कापू नये. वर-खाली पांढरी किनार सुटली तरी चालेल, पण चित्र पूर्ण छापून घ्यावे.

मोठी छपाई करण्यापूर्वी लहान नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात पाहावा. टर्नर यांच्या चित्रात डोलकाठी, धूर आणि लाट एकमेकांत मिसळलेली असली, तरी त्यांच्या छटा वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. सगळीकडे एकच तपकिरी थर दिसत असेल, तर फाइल बदलावी. कागद मॅट (न चमकणारा) आणि शाई पिगमेंटची (सहज फिकी न पडणारी) घ्यावी.

मढवताना प्रिंट चारही बाजूंनी फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नये. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद आकसतो, पावसाळ्यात फुगतो आणि जखडलेला असला की त्याला लाटा येतात. वरच्या कडेला दोन ठिकाणी आम्लविरहित कागदी पट्टीने टांगून, काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालावा.

जागा ठरवताना पश्चिमेची खिडकी टाळावी, कारण आपल्याकडचे दुपारचे ऊन रंग फिके करते. समोरच ट्यूबलाइट असेल, तर गडद समुद्राऐवजी काचेत तीच दिसते. अशा वेळी बाजूने पडणारा पिवळसर दिवा बरा. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा आणि शेजारी कॅलेंडर किंवा घड्याळ लावू नये. जुन्या दगडी भिंतीला ओल येत असेल, तर फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत लाकडाचे लहान तुकडे लावून हवेला वाट ठेवावी, आणि पावसाळा संपताच फ्रेम उतरवून मागच्या बाजूला बुरशी किंवा वाळवी नाही ना, हे पाहावे.