दारू सुटली, आता या चुका टाळा

दारू सोडलेल्या माणसाला सगळे 'मन घट्ट कर' म्हणून सांगतात. जेवलास का, झोप लागली का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते पाय घसरतो तो बहुतेक तिथेच.

रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप सुरू झाला तर ते जिवावर बेतू शकतं. आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. डॉक्टर बी-१ जीवनसत्त्व देतात ते ताकदीचं औषध समजून टाळू नका, मेंदूसाठी ते लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित चूक म्हणजे उपाशी राहणं. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस चहावर भागवतो आणि आडवा होतो. संध्याकाळी पोटात कालवतं, चिडचिड होते, आणि त्याला वाटतं तलफ आली. आधी खाऊन बघा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, त्यामुळे 'घरात काही नव्हतं' ही सबबही उरत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पाण्याची बाटली जवळच ठेवा. तलफ साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ खाण्यात, अंघोळीत, कुणाला फोन करण्यात घालवा.

दारूच्या जागी मावा (तंबाखू-सुपारीचा) वाढवणं ही चूक तर आपल्याकडे कुणी चूक मानतच नाही.

पगाराच्या दिवशी जुन्या रस्त्याने घरी येऊ नका. पैसे त्याच दिवशी घरच्यांकडे द्या, यात कमीपणा नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेलाही जा, पण घरच्यांबरोबर. 'सोडलीय ना, मग नुसतं बसायला काय होतंय?' म्हणणारा मित्र तिथे हमखास भेटतो.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. दारू सोडवायची गोळी भाजीत गुपचूप कालवू नका. त्यावर तो प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो. डॉक्टर ती रुग्णाला सांगून, तपासण्या करूनच देतात.

एखाद्या दिवशी प्यायली गेलीच, तर लपवू नका आणि 'आता गेलंच सगळं' म्हणून दुसरा ग्लासही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि रात्रीही फोन लागतो.