सीबीसीच्या कागदावर पीसीव्ही कसा वाचायचा

मी नागपुरात धंतोलीत एका लॅबमध्ये रक्त काढते. मे महिन्यात लोक हमखास विचारतात, रक्त घट्ट झालं का? सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीच्या, कागदावर फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नका, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट ही ओळ शोधा. रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशींनी किती जागा घेतली, ते हा आकडा सांगतो. पुरुषांत साधारण 40 ते 49, बायकांत 36 ते 46. तो हिमोग्लोबिनच्या तिपटीच्या आसपास असतो. फार फरक दिसला तर लॅबला विचारा.

रक्ताला घट्टपणा येतो तो मुख्यतः या पेशींमुळे. आकडा 55-60 च्या पुढे गेला की घट्टपणा झपाट्याने वाढतो. रक्त संथ वाहतं तिथे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, वेगात वाहिलं की सुट्या होतात.

आकडा खरा यायचा तर आधी तयारी करा. नवतप्यात उन्हातून थेट येऊन हात पुढे करू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी तेवढ्याच राहतात, पण आकडा वाढतो. घरूनच पाणी पिऊन निघा, सीबीसीला उपाशी यायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटं बसा. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराहून जास्त राहिला तर तंत्रज्ञाला सैल करायला सांगा, कारण त्यानेही आकडा फुगतो.

पुन्हा तपासूनही पुरुषात 49 किंवा बाईत 48 च्या वर राहिला तर डॉक्टरांना दाखवा. विडी-सिगारेट, झोपेतले श्वासाचे अडथळे, हाडांतल्या मगजाचा आजार, यांपैकी काहीही असू शकतं; जॅक2 या जनुकाची तपासणी लागू शकते. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, पण तिने पेशी कमी होत नाहीत, गुठळी धरणं कमी होतं.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार बराच आहे, म्हणून हे नीट ऐका. सिकलच्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की ताठ आणि कोयत्यासारख्या होतात, बारीक नळीतून दुमडून जात नाहीत. हिमोग्लोबिन 8 असलं तरी रक्त अडतं. म्हणून नुसता कमी आकडा बघून ‘रक्त चढवा’ असा आग्रह धरू नका. अशा रुग्णाचं हिमोग्लोबिन रक्त देऊन 10 च्या फार वर नेलं तर घट्टपणाच वाढतो. किती चढवायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांना सिकलचा रिपोर्ट सर्वांत आधी दाखवा.