क्रोशाच्या सुईने विणा मालवणचं प्रवाळ

कोल्हापुरातून सुट्टीत मालवण-तारकर्ली गाठणारे कमी नाहीत. पण तिथल्या पाण्याखाली प्रवाळ आहे आणि त्याला धोका आहे, हे स्नॉर्कलिंग करून आलेल्यांनाही धड सांगता येत नाही. ते घरबसल्या क्रोशाने दाखवता येतं. डाइना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये क्रोशाने दुमडत जाणारा पृष्ठभाग विणला आणि २००५ मध्ये मार्गारेट व क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच युक्तीने प्रवाळ विणायला घेतलं.

धागा सुतीच घ्या. अ‍ॅक्रिलिक लोकर म्हणजे प्लास्टिक. धुताना तिचे तंतू पाण्यात जातात, मग समुद्राच्या नावाने हा खटाटोप कशाला? इचलकरंजीत कुणी यंत्रमागवाले ओळखीचे असतील तर उरलंसुरलं सूत मागून आणा. बारीक असलं तर चार-पाच पदर एकत्र करा.

आता विणकाम. २१ साखळ्या घाला. परतताना प्रत्येक घरात एक खांब घाला, मात्र दर तिसऱ्या घरात दोन. प्रत्येक ओळीला हेच. २१ चे २८ होतात, मग ३७, आणि पाच वेळा असं वाढवल्यावर घरं ८५ च्या आसपास जातात. वाढलेल्या टाक्यांना सपाट राहायला जागाच उरत नाही, त्यामुळे कड आपोआप चुण्या घेत वळते. मालवणकडे आढळणारं टर्बिनेरिया नावाचं प्रवाळ असंच वळ्यावळ्यांचं असतं. वाढ दर सहाव्या घरात केली तर चुण्या सैल पडतात. दोन्ही करून बघा.

रंगांकडे जास्त लक्ष द्या, खरी गोष्ट तिथेच आहे. प्रवाळाचा रंग बव्हंशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ ती बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं, असं सर्रास दाखवतात, ते चूक. त्याला अन्न पुरवणारी शैवालं गेल्याने ते उपाशी असतं, पाणी वेळेत निवलं तर सावरतंही. मेल्यावर त्यावर शेवाळ चढतं. म्हणून तीन गट विणा: रंगीत, पांढरा आणि मळकट हिरवा. पांढऱ्यातल्या एखाद्या तुकड्याच्या टोकाला थोडा रंग शिल्लक ठेवा.

तुकडे जुन्या वाकळेवर टाचून मांडा. शाहू स्मारकच्या कलादालनात जागा मिळाली तर उत्तमच, पण सुट्टीआधी एखाद्या सोसायटीच्या दारातलं टेबलही कामाचं. चिठ्ठीवर लांबलचक माहिती नको. ‘प्रवाळावर पाय ठेवू नका. त्याचा तुकडा उचलणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.’ एवढं पुरे. शेजारी सुई-धागा ठेवा. बघायला आलेल्या काकू-मावश्या आपणहून दोन ओळी वाढवतील.

कडा ताठ हव्या असतील तर साबुदाण्याची खळ लावा. मात्र पावसाळ्याआधी ती धुऊन काढा, नाहीतर आपल्याकडच्या ओलीत बुरशी धरते.